मोजितो

परभणीत मे महिन्यात रात्र होत नाही,
निस्ता दिवस काळा पडतो.
साडेअकराला दोन बादल्या ओतल्या स्लॅबवर
तर चर्र झालं
आणि सगळी वाफ माझ्याच तोंडावर.
पाणी टँकरचं. दोन बादल्यांचा सुद्धा हिशेब.

वैजनाथ बाराला आला
वसमत रोडच्या परमिट रूममधून.
शर्टाला लिंबू, सोडा, लोकांच्या सिगारेटी.
अकरा वर्षं हा दुसऱ्यांचे ग्लास भरतो
आणि घरी येऊन
माठातलं तांब्याभर पाणी पितो, उभ्यानं.

मी म्हणलं, आज मला करून द्या.
ते हिरव्या पानाचं.
"तुला?"
मला. काहून? जीभ नाही का मला?

लाईट गेलेली होती.
अंधारात माणूस जरा कमी लाजतो.

पुदिना कूलरखाली.
तीन उन्हाळे म्हणतोय गळका कूलर दुरुस्त करू;
त्याच्या थेंबाखाली, फुटक्या टबात,
शमीम आपानं दिलेली एक काडी खोचली होती,
आता टबात मावत नाही.

रम पांढरी, क्वार्टरची बाटली,
पाडव्यापासून कपाटावर, लग्नाच्या अल्बममागं.
मला माहीत होती.
मला माहीत आहे, हे त्याला माहीत नव्हतं.

पानं खलात टाकली आणि बत्ता उचलला,
हात माझा ठेच्याचा.
त्यानं मनगट धरलं:
"मिरच्या नाहीत त्या. ठेचलं की कडू होतं.
हळू दाबायचं, जागं करायचं,
लेकराला शाळेसाठी उठवतो तसं."
त्याच्या कामातलं काही
पहिल्यांदाच सांगत होता मला.

साखर. लिंबू, बिया काढून.
फ्रिज बंद पडून दोन तास झालेले,
ट्रेमधला बर्फ कडेनं सुटलेला,
बोटांतून निसटत होता मासोळीसारखा.
सोडा गोटीचा.
गोटी आत गेली तेव्हा असा आवाज झाला
की चार स्लॅबवरची माणसं कुशीवर वळली.

"क्या बना रहे जी?" कठड्यापलीकडून शमीम आपा.
शरबत, आपा.
"पुदिना डाले ना?"
तुमचाच आहे.
"फिर मेरे कू भी देव एक."
तिचा आधी केला त्यानं,
वेगळा ग्लास, दोनदा धुऊन,
बाटलीचं बूच उघडायच्या आधी.

याला नाव काय?
"मोजितो. कार्डावर असंच छापलंय."
कोण मोजितो? काय मोजितो?

आधी तो हसला. लई दिवसांनी, आवाज करून.
मग म्हणला, मीच की.
पानं आठ, बर्फाचे खडे चार, माप साठचं.
मालक रोज बाटलीवर पेनानं रेघ ओढतो,
रेघेखाली गेलं की पगारातून.
सहा नंबर टेबलाचे किती झाले,
नऊ नंबरचा माणूस घरी जाईल
का मोंढ्याच्या नाक्यावर पडेल,
ते पण मोजायचं.

घरात माप नव्हतं.
लोणच्याच्या दोन बरण्या होत्या, धुतलेल्या.
त्यानं बाटली तिरपी केली
आणि बघितलंच नाही किती पडतंय,
बघत होता पाण्याच्या टाकीकडं,
टाकीच्या वरच्या चांदणीकडं.

पहिला घोट:
आधी लिंबू आलं, मग गार,
मग ते तिसरं,
घशाच्या कडेनं, चोरपावलानं,
आणि शेवटी थोडी कैरीच्या लोणच्याची मोहरी.
ती काही जात नाही बरणीतून.

कसं आहे, त्यानं विचारलं,
गिऱ्हाईकाला विचारतात तसं नाही.
मी म्हणलं, अजून एक खडा बर्फ टाका.
तेवढ्यात लाईट आली,
गल्लीभर "आली आली" झालं,
खाली कूलर घरघरला. आम्ही उठलो नाही.

"सकाळी तुझी माय येणार पॅसेंजरनं," तो म्हणला.
"तोंडाला वास येईल."

पुदिन्याचा, मी म्हणलं,
आणि बरणीच्या तळाचं एक पान
बोटानं काढून खाल्लं.